कुत्र्याचा पगार कोण देतं?

बुंदी आमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. पहाटे साडेपाचला दाराच्या कडीला दुधाची पिशवी अडकवल्याचा आवाज आला की ती भुंकायची. सगळा मजला जागा होऊ नये म्हणून मी अर्धवट झोपेत उठून तिच्यापुढे एक मारी बिस्किट टाकायचे. ती गप्प, मी परत पांघरुणात. पाचव्या दिवशी ती सव्वापाचला भुंकली. दूधवाला अजून फाटकातही शिरला नव्हता. ती एकदाच भुंकली आणि बिस्किटांच्या डब्याकडे बघत बसली.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मला वाटत होतं मी तिला गप्प करतेय. प्रत्यक्षात मी तिला भुंकण्याची नोकरी दिली होती, आणि ती इमानदारीत पंधरा मिनिटं आधी कामावर हजर झाली होती.

पहिल्यांदाच कुत्रं आणणाऱ्या माणसाला मी आधी हेच सांगते. कुत्रं पगारावर काम करतं. ज्याचा पगार मिळतो ते पुन्हा करतं, ज्याचा मिळत नाही ते हळूहळू सोडून देतं. पगार म्हणजे खाऊ तर झालाच. पण तुमचं वळून बघणं, ओरडणं, चप्पल सोडवायला मागे धावणं, पट्टा ओढला की त्याच्यामागे चालत जाणं हाही पगारच. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी संशोधकाने १८९८ साली भुकेल्या मांजरांना खटक्याच्या पेट्यांत ठेवून हेच पाहिलं होतं. ज्या धडपडीने दार उघडलं आणि खाणं मिळालं ती पुढच्या वेळी लवकर व्हायला लागली, बाकीच्या गळून पडल्या. घरात काही बिनसलं की मी अजूनही आधी एकच गोष्ट शोधते: या कामाचा पगार कोण देतंय? निम्म्या वेळा तो मीच देत असते.

आधी "बॉस कोण" हे डोक्यातून काढा

कोणीतरी तुम्हाला सांगेलच की कुत्रा म्हणजे लांडगा, घरात मालक कोण ते त्याला दाखवून द्यावं लागतं. आधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण बाहेर पडायचं, गुरगुरला तर उताणा पाडून दाबून धरायचा. या समजाच्या मुळाशी रुडॉल्फ शेंकेल यांचा १९४७ सालचा अभ्यास आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. कोंडलेल्या जागेत मारामाऱ्या होणारच. माणसांना ठेवून बघा. डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९७० सालच्या आपल्या पुस्तकात ती कल्पना घेतली. पुढे कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे कित्येक उन्हाळे जवळून पाहिल्यावर १९९९ साली त्यांनीच ती खोडून काढली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं, एवढंच. आपलं ते जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. आपल्याकडे मात्र "अल्फा", म्हणजे मारामारी करून कळपाचा बॉस झालेला लांडगा, अजून ठाण मांडून आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. बुंदी पाच महिन्यांची असताना एक ट्रेनर घरी यायचे. गळ्यात फासाची साखळी, आणि रस्त्यावरचं कुत्रं दिसून ती भुंकली की "हिसका मारा, ताई". तीन आठवड्यांत भुंकणं खरंच कमी झालं. पण साखळीचा खळखळ आवाज झाला की ती सोफ्याखाली जायला लागली, आणि रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसलं की आवाज न करता थेट अंगावर उडी. तिच्या बाजूने हिशेब सरळ होता: दुसरं कुत्रं दिसलं की माझा गळा दुखतो. "छडी लागे छमछम" शाळेत तरी किती चाललं, ते आपल्या पिढीला माहीत आहे. प्राण्यांच्या वर्तनाचं काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली स्पष्टच लिहिलं की कुत्र्यांना बक्षिसानेच शिकवावं, आक्रमक कुत्र्यांनासुद्धा.

तयारी

पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांकडे जाऊन जंतांचं औषध, लशींचं वेळापत्रक आणि रेबीजची तारीख लिहून घ्या. बहुतेक महापालिकांत कुत्र्याचा परवानाही लागतो, तो काढून टाका.

सामान फारसं लागत नाही. बकलचा साधा पट्टा, छातीवर कडी असलेला हार्नेस, दोन मीटरची दोरी, कमरेला अडकवायची छोटी पिशवी आणि एक जुनी गोधडी. फासाची साखळी, काट्यांचा पट्टा, झटके देणारा पट्टा दुकानातच राहू द्या. कुत्रं दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणं आणि त्याला फिरायला न नेणं ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात क्रूरता धरली आहे, हेही "आमच्या गावाकडे बांधूनच ठेवतात" म्हणणाऱ्यांना सांगता येईल.

पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असतं तेव्हा जग कसं आहे याचा त्याचा अंदाज पक्का होत असतो. नेमक्या याच काळात लशी पूर्ण झालेल्या नसतात, म्हणून लोक त्याला घरात कोंडून ठेवतात आणि पुढे ते छत्रीलाही घाबरतं. यातून वाट म्हणजे त्याला कडेवर घेऊन फिरा. जिथे मोकाट कुत्री वावरतात तिथे जमिनीवर सोडू नका, पण रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची आरोळी हे सगळं लांबून दाखवा आणि प्रत्येक वेळी तोंडात खाऊ द्या. बुंदी अडीच महिन्यांची असताना आमच्याकडे आली, त्यामुळे आम्हाला जेमतेम महिनाभर मिळाला. रेनकोट राहून गेला. जूनमध्ये तिने पहिल्यांदा रेनकोटवाला पाहिला तेव्हा ती जिन्यात बसली ती उठेना.

खाऊचं म्हणाल तर उकडलेलं बिनमिठाचं चिकन, कलेजी किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. कुत्रं तुकडे मोजतं, वजन करत नाही. घरात शांतपणे करायच्या कामाला पोळीचा तुकडा किंवा रोजचं कोरडं खाणं चालतं; रस्त्यावरच्या अवघड कामाला कलेजीच हवी. दिवसभरात दिलेला खाऊ जेवणातून वजा करा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले शुगरफ्री पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, ते विशेष लक्षात ठेवा. आमच्याकडे पूजेच्या दिवशी मी तेच विसरले होते.

पहिला आठवडा: एक शब्द

कुत्रं बसतं, तुम्ही पिशवीत हात घालता, तुकडा शोधता, तोवर ते उठलेलं असतं. पगार उठण्याचा मिळाला. म्हणून "हे बघ, याचेच पैसे" असं त्याच क्षणी सांगणारा एक छोटा शब्द लागतो. काही जण क्लिकर, म्हणजे दाबली की टक् वाजणारी छोटी डबी, वापरतात. मी आधी "हां" ठेवला होता, पण मराठी माणूस फोनवर दिवसातून दोनशे वेळा "हां, हां" म्हणतो आणि बुंदी दर वेळी धावत यायची. मग "टिक" ठेवला.

१. शांत खोलीत बसा. "टिक" म्हणा आणि एका सेकंदात तुकडा द्या. कुत्र्याने काहीही करायची गरज नाही. असं दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. दोन-तीन दिवसांनी ते दुसरीकडे बघत असताना "टिक" म्हणा. मान झटकन वळली की शब्द बसला.

२. आता नाव. एकदाच हाक मारा. बघितलं की टिक, तुकडा. न बघितल्यास पाच वेळा हाक मारत बसू नका, जवळ जाऊन पुन्हा एकदा मारा. आणि नाव रागावण्यासाठी कधीही वापरू नका. "बुंदीऽऽ!" असं ओरडून तिला बोलावणं म्हणजे हातात आधी दंडाची पावती देऊन मग "या ना" म्हणणं.

३. बसणं सगळ्यात सोपं. तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यामागे न्या, मागचं टेकलं की टिक. पाच-सहा वेळांनंतर हात रिकामा ठेवून तीच खूण करा आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्या, नाहीतर तुकडा दिसल्याशिवाय ते बसणारच नाही. शब्द मात्र घरातल्या सगळ्यांनी एकच ठेवा. आमच्याकडे मी "बस", भाऊ "सिट" आणि कामाच्या मावशी "बैस गं बाई" म्हणायच्या, आणि वर सगळे म्हणायचे ही ऐकत नाही. आता "बस" पक्कं झालंय. इतकं की पाहुण्यांना "बसा ना, बसा" म्हटलं की त्यांच्याआधी बुंदी बसते.

४. "ये" हा शब्द सोन्यासारखा जपा. आला की दर वेळी सगळ्यात भारी खाऊ. अंघोळीसाठी, कान साफ करायला, खेळ थांबवून घरी न्यायला "ये" म्हणू नका. त्यासाठी स्वतः उठून जा.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे. एखादी गोष्ट घरात जमली म्हणून ती पार्किंगमध्ये जमेल असं नाही. तिथे पुन्हा बालवाडीपासून.

शी आणि शू

झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं, या तिन्हीनंतर पाच-दहा मिनिटांत बाहेर न्या. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन तास धरेल, तेही कसंबसं. रोज एकाच जागी न्या, उभे राहा, बोलू नका. झालं की लगेच तिथेच टिक आणि तुकडा. घरी आल्यावर दिलेला खाऊ हा जिना चढल्याचा पगार असतो.

नवीन लोक हमखास करतात ती चूक म्हणजे शू झाली की ताबडतोब घरी. पिल्लाला आठवड्यात कळतं की शू केली की मजा संपते. मग ते अर्धा तास हुंगत फिरतं आणि घरात येऊन पायपुसण्यावर करतं. उलटं करा: काम झालं की पाच मिनिटं भटकंती.

घरात झालं तर नाक घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं, आणि पुढच्या वेळी पलंगाखाली जातं. फिनाइलने वास आपल्या नाकाला जातो, त्यांच्या नाही. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरा. पावसाळ्यात बरीच देशी कुत्री ओल्यात पाय टाकायला तयार नसतात. त्यांच्यासाठी पार्किंगच्या कडेचा एक कोरडा कोपरा आधीच सवयीचा करून ठेवा, आणि खिशात वर्तमानपत्राचे तुकडे असू द्या. सोसायटीत तुमची बाजू घेणारे लोक हवे असतील तर ते त्या वर्तमानपत्रावर अवलंबून आहे.

दाराची बेल

बेल वाजली की बुंदी दारावर, मग पाहुण्याच्या पोटावर, मग आम्ही सगळे मिळून "बुंदी! खाली! अगं खाली!" पगाराची यादी केली तर नवीन माणूस, त्याचा हात, चार जणांचा आरडाओरडा, सगळ्यांच्या नजरा. एवढा बोनस मलाही ऑफिसात मिळत नाही.

उडी मारू नकोस हे शिकवता येत नाही. "उडीऐवजी काय करू" हे शिकवता येतं. आमचं उत्तर गोधडी.

गोधडी दारापासून दहा-बारा फुटांवर अंथरा. कुत्र्याने पाय ठेवला की टिक, तुकडा गोधडीवरच टाका. हातातून देऊ नका. खाऊ गोधडीतून उगवतो असं त्याला वाटलं पाहिजे. दोन दिवसांनी तुकडा बसल्यावर, मग आडवं झाल्यावर, मग पाच सेकंद, दहा सेकंद, अर्धा मिनिट थांबल्यावर. आता "जागेवर" हा शब्द जोडा. त्यानंतर बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक वाजवा: बेल, मग "जागेवर", मग तुकड्यांचा पाऊस. दर दोन-तीन दिवसांनी आवाज थोडा वाढवा. मग घरातल्याच कोणाला बाहेर पाठवून खरी बेल वाजवायला लावा. माझ्या भावाने एका रविवारी बावीस वेळा बेल वाजवली, समोरच्या काकूंनी दार उघडून "बरं आहे ना सगळं?" विचारलं.

हे पक्कं होईपर्यंत खरे पाहुणे येणारच. तेव्हा परीक्षा घेऊ नका. बेल वाजली की तिला दोरी लावा किंवा आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा. रोज सरावाने कमवायचं आणि रोज पाहुण्यांपाशी उधळायचं, अशाने शिल्लक पडत नाही. आणि "राहू दे हो, मला आवडतात कुत्री" म्हणणारा पाहुणा सगळ्यात धोक्याचा. तो दोन्ही हातांनी पगार वाटतो.

आमच्याकडे तीन आठवडे काहीच फरक पडेना. मग एका दुपारी मी लवकर घरी आले. आई पोथी वाचत होती आणि बुंदी तिच्या गुडघ्यांवर दोन पाय ठेवून उभी. आईने नजर न उचलता ताटलीतला पोळीचा तुकडा तिच्या तोंडात दिला.

"आई, तू तिला उडी मारायचा पगार देतेस."

"काय देते मी? एवढासा तुकडा! सारखी मध्ये मध्ये करत होती. वाचू देईना."

"तेच तर. त्रास दिला की पोळी मिळते."

"मग उपाशी ठेवू का तिला?"

भांडण्यात अर्थ नव्हता. मी पोळीच्या तुकड्यांचा डबा आईच्या हातात दिला आणि म्हटलं, द्यायचं तेवढं दे, फक्त ती गोधडीवर असताना. आठवडाभरात घरात सगळ्यात कडक मास्तरीण आई झाली. "चारही पाय आत घे, मग मिळेल," असं मी आतल्या खोलीतून ऐकते.

पगार बंद केला की वागणं आधी बिघडतं, मग सुधारतं. उडीला पाठ फिरवायला लागलात की दोन-चार दिवस उड्या वाढतील, वर भुंकणंही येईल. पगार थांबला की कामगारही आधी मोर्चाच काढतात. या दिवसांत एकदा जरी वैतागून "घे बाई" केलंत, तर मोर्चा काढला की मिळतं हे ते शिकेल. पहाटेच्या बिस्किटाचं आमचं हेच झालं: चार दिवस अख्ख्या मजल्याची माफी मागितली, मग ती गप्प झोपायला लागली. दूधवाल्याला पिशवी कडीला न अडकवता खाली वॉचमनकाकांकडे द्यायला सांगितलं, त्याचाही त्यात अर्धा वाटा.

पट्टा, आणि रस्त्यावरची मंडळी

ओढण्याचा उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. दोरी ताणली की झाड व्हा. एक पाऊलही पुढे नाही, हिसका नाही, बोलणं नाही. दोरी सैल झाली, त्याने वळून पाहिलं, की टिक, आणि तुकडा तुमच्या पायाशी. मग पुढे. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत वीस मिनिटं लागतील. हुंगू द्या; पंधरा मिनिटं मन लावून हुंगलेलं कुत्रं तासभर फरफटत फिरवलेल्यापेक्षा निवांत झोपतं. उन्हाळ्यात आधी हाताची उलटी बाजू डांबरावर ठेवून बघा. पाच-सात सेकंद सोसत नसेल तर त्याच्या पावलांनाही सोसणार नाही.

खरा प्रश्न दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकण्याचा. आपल्या रस्त्यांवर तो टाळता येत नाही. इथे सवयीपेक्षा भावना बदलावी लागते, आणि ते काम पावलॉव्हच्या पद्धतीने होतं. रशियन शास्त्रज्ञ इवान पावलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ अभ्यासताना त्यांच्या लक्षात आलं की खाण्याच्या आधी नेमाने येणारी कुठलीही गोष्ट लाळ आणते. आधी येणारी, हे महत्त्वाचं.

तुमचं कुत्रं दुसऱ्या कुत्र्याला बघतं पण अजून खाऊ घेऊ शकतं, तेवढ्या अंतरावर थांबा. बुंदीच्या बाबतीत ते सुरुवातीला रस्त्याच्या रुंदीच्या तिप्पट होतं. तिला दुसरं कुत्रं दिसलं की कलेजी सुरू: तुकडा, तुकडा, तुकडा. ते कुत्रं नजरेआड गेलं की कलेजी बंद. बसायला लावायचं नाही, काही काम सांगायचं नाही. मी पहिल्या महिन्यात उलटं करत होते. लांबून कुत्रं मला आधी दिसायचं आणि मी घाईने पिशवी उघडायचे. क्रम उलटा झाला: कलेजी आली म्हणजे संकट येतंय. बुंदी कलेजी तोंडात घेऊन भेदरून चारी दिशांना बघायला लागली. क्रम सुधारल्यावर पाच-सहा आठवड्यांनी एका संध्याकाळी तिने पिठाच्या गिरणीपाशी पडलेलं कुत्रं पाहिलं आणि गर्रकन मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंड किंचित उघडं, कान सैल: बघितलं मी ते, आता काढ कलेजी. त्या दिवसापासून रोज दोन-चार पावलं जवळ.

तोंड घट्ट मिटणं, शेपूट ताठ थांबणं, पुढच्या पायांवर भार येणं ही भुंकण्याआधीची चिन्हं. ती दिसली की अंतर कमी पडलंय. आनंदी आवाजात "चल मागे" म्हणत वळा. हे वळणं रिकाम्या रस्त्यावर आधी घोटवून ठेवा, खेळासारखं.

मोकाट कुत्र्यांचे इलाखे आणि वेळा ठरलेल्या असतात, तुमच्या फिरण्याचा रस्ता त्याप्रमाणे बदला. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे सोसायटीने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवून द्यायची असते. खाऊ घालणाऱ्या ताईंशी ओळख करून घ्या, कोणतं कुत्रं फक्त ओरडतं आणि कोणतं खरंच येतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. एखादं अंगावर आलंच तर पळू नका. मूठभर खाणं त्याच्या दिशेने फेका आणि छत्री उघडून मध्ये धरा.

दात आणि गुरगुर

पिल्लाचे दुधाचे दात चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात पडतात, तोवर ते सगळं चावणारच. हाताला चावलं की खेळ थांबवा, दहा-वीस सेकंद उठून जा, परत आल्यावर थंड गाजर द्या. संध्याकाळी पिसाळल्यासारखं चावत सुटलं तर बहुधा झोप झालेली नसते. पिल्लाला दिवसाला १८ तासांच्या आसपास झोप लागते.

गुरगुरणं वेगळं. हाड तोंडात असताना जवळ गेलात आणि कुत्रं गुरगुरलं, तर ती नोटीस आहे. नोटिशीबद्दल मारलंत तर पुढच्या वेळी ते नोटीस न देता चावेल. भांड्यात हात घालून "सवय" लावू नका. तुमच्या पानातून कोणी रोज भाकरी उचलली तर तुम्हीही हात आडवा धराल. त्याऐवजी ते खात असताना लांबून जाताना कलेजीचा तुकडा टाका आणि न थांबता पुढे चला. रोज. हळूहळू तुमचं येणं म्हणजे काही जाणं नव्हे, मिळणं आहे असं होतं. चप्पल पळवली तर मागे धावू नका, अदलाबदल करा: तुकडा नाकाशी, "सोड", टिक. या काळात लहान मुलांना कुत्र्याच्या जेवणापाशी जाऊ देऊ नका, आणि मुलांना कुत्र्याजवळ एकटं सोडू नका, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

चावलंच आणि रक्त आलं, किंवा नुसतं खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. आणि नेहमी शांत असलेलं कुत्रं अचानक चिडचिडं झालं तर ट्रेनरआधी पशुवैद्य: कान दुखत असतो, सांधा दुखत असतो, गोचिडांचा ताप असतो.

फटाक्यांची तयारी पावसाळ्यात

दिवाळीच्या आदल्या दिवशी काही होत नाही. जून-जुलैमध्ये फटाक्यांचा आवाज मोबाइलवर इतका बारीक लावा की कुत्र्याचा फक्त कान हलेल. आवाज आला की खाऊ, बंद झाला की खाऊ बंद. गणपतीत ढोल-ताशा लांबून ऐकवा. प्रत्यक्ष दिवसांत उजेड असतानाच फिरवून आणा, खिडक्या लावून आतल्या खोलीत पंखा मोठा ठेवा, दाराशी दोन कड्या, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. घाबरून जवळ आलं तर जवळ घ्या. "लाडावेल" हा गैरसमज आहे. भीती लाडाने वाढत नाही. फारच थरथरत असेल तर डॉक्टर गोळी देतात, पण ती आधी एखाद्या साध्या दिवशी देऊन पाहायची असते, म्हणून त्यांच्याकडे पंधरा दिवस आधी जा.

एकटं राहण्याचंही तसंच: आधी दाराबाहेर दहा सेकंद, मग मिनिट, मग लिफ्टपर्यंत. आठ तासांवर एकदम उडी नको. पट्टा चावला असेल, दार खरवडून नखं रक्ताळली असतील तर तो हट्ट नाही, घबराट आहे, आणि त्याला जाणकार माणूस लागतो.

तसा माणूस शोधताना फी आणि सर्टिफिकेट विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. कुत्र्याने बरोबर केलं की तुम्ही काय करता? आणि चुकलं की काय करता? पहिल्याला "शाब्बास म्हणतो" आणि दुसऱ्याला "करेक्शन देतो" (म्हणजे हिसका किंवा ओरडा) असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. आमच्या दुसऱ्या ट्रेनरबाईंनी दुसऱ्या प्रश्नावर थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चुकलं तर मी काम सोपं करते." मग पर्समधून सुकटाचा डबा काढला आणि बुंदी त्यांच्यासमोर, कोणी न सांगता, बसली.